पेन्सिलीने लिहिलेलं वय

त्या दिवशी साडेअकराच्या सुमारास बीडच्या कोर्टात पट्टेवाल्याने ज्ञानोबांच्या नावाचा पुकारा केला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. ते आले नाहीत. धारूरकडची पहिली एसटी चुकली असेल असं मला वाटलं. फोन लागत नव्हता, पण त्यांच्या वस्तीवर रेंज नसणं काही नवीन नव्हतं. मी पिशवीतून कोरा अर्ज काढला आणि आम्ही वकील जे नेहमी लिहितो तेच लिहिलं : आरोपीची प्रकृती ठीक नसल्याने आज हजर राहता येत नाही, गैरहजेरी माफ व्हावी. अर्ज मंजूर झाला, पुढची तारीख मिळाली. बाहेर टपरीवर चहा घेत होते तेव्हा त्यांच्या पुतण्याचा फोन आला. "काका गेले, मॅडम. पहाटं थांब्यावर एसटीची वाट बघत बसलते... बसल्या जागीच." म्हणजे मी त्यांची प्रकृती ठीक नसल्याचं लिहीत होते तेव्हा त्यांना जाऊन पाच-सहा तास झाले होते. असे शेकडो अर्ज मी आजवर लिहिले आहेत आणि त्यातलं एकही कारण कधी तपासलेलं नाही. ज्ञानोबांनी मात्र न तपासता शाईने एक आकडाही लिहिला नव्हता. आणि त्यांच्यावर खटला चालू होता तो खोटी नोंद केल्याचा.

आता सहा आठवडे झाले. या माणसाबद्दल कुणी काही लिहिणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून मी लिहिते आहे. आमच्या गावातल्या एका क्लबाच्या दारात ते एकोणीस वर्षं बसले. क्लबाचं नाव लिहीत नाही, तिथल्या सभासदांचीही लिहीत नाही; मी वकील आहे, अब्रुनुकसानीच्या नोटिसा कशा निघतात हे मला ठाऊक आहे. परवाना असलेला क्लब. बॅडमिंटनचा हॉल, कॅरमचे चार बोर्ड, वर्तमानपत्रं वाचायची एक खोली आणि मागच्या बाजूला पत्त्यांची खोली. खरं म्हणजे सगळा क्लब त्या मागच्या खोलीवर चालतो. डॉक्टर, ठेकेदार, शेती असलेले आणि शेतीपेक्षा राजकारण जास्त असलेले, दोन-तीन निवृत्त अधिकारी, असे सगळे तिथे रमी खेळतात. पोर्चमध्ये एक लाकडी टेबल, त्यावर लाल कापडी पुठ्ठ्याचं जाडजूड रजिस्टर आणि टेबलामागे ज्ञानोबा. पांढरा सदरा, डोक्याला टोपी, खिशाला एक शाईचं पेन आणि कानावर एक पेन्सिल.

मी पहिल्यांदा तिथे गेले ती नवऱ्याची पाहुणी म्हणून. नवरा डोळ्यांचा डॉक्टर, सभासद. ज्ञानोबांनी माझं नाव लिहून घेतलं आणि विचारलं, "वय?"

"बायकांना वय विचारतात का, भाऊ?"

"मी कुठं विचारतोय? रजिस्टर विचारतंय."

मी वय सांगितलं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून ते लिहिलं आणि हात पुढे केला. "कागद?" माझ्याकडे वकिलीचं ओळखपत्र होतं, ते दाखवलं. त्यांनी जन्मतारखेवर बोट ठेवून मनात हिशोब केला, खिशातलं पेन काढलं आणि पेन्सिलीचा आकडा शाईने गिरवला. नवरा गाडी लावून येईपर्यंत मी त्यांना विचारलं, हे दोनदा कावून? 'का' म्हणायच्या ऐवजी 'कावून' असं मी मुद्दाम त्यांच्या भाषेत विचारलं, ते हसले. "सांगितलेलं ते कच्चं, बघितलेलं ते पक्कं," म्हणाले. पाहुण्याने तोंडी सांगितलेलं वय ते पेन्सिलीने लिहीत. कागद पाहिला की शाई. कागद दाखवलाच नाही तर पेन्सिल तशीच राहायची, आणि पेन्सिलवाल्या पाहुण्याला पत्त्यांच्या खोलीकडे जाऊ द्यायचं नाही, बाहेर कॅरम खेळू द्यायचं. ही पद्धत त्यांना कुणी शिकवलेली नव्हती, कुठे लिहिलेलीही नव्हती. क्लबात सगळ्यांना माहीत होती आणि सगळे तिच्यावर हसत.

ज्ञानोबांचं घर मेंढ्या पाळणारं. धारूरच्या डोंगरात नववीपर्यंत शाळा आणि सुट्टीत मेंढरं. मेंढराचं वय दातांवरून ओळखतात, त्यावरून त्यांची थट्टा व्हायची. "ग्यानबा, पाहुण्याचं तोंड उघडून दात बघ की बे, दोन दाती हाय का चार दाती," असं एक ठेकेदार नेहमी म्हणायचे. ज्ञानोबा रजिस्टरातून मान वर न काढता उत्तर द्यायचे, "मेंढरू खोटं बोलत न्हाई साहेब, म्हणून त्याचे दात बघून भागतंय. माणसाला कागद लागतो." सगळे हसायचे, ठेकेदारही हसायचे आणि पाहुण्याला आधार कार्ड काढायला सांगायचे. मला तो माणूस तेव्हापासून आवडला. पुढे मी स्वतः सभासद झाले, क्लबाची कायदेशीर सल्लागारही झाले. फी घेत नव्हते, त्याबद्दल मला थोडा गर्वही होता.

आठ वर्षांपूर्वी परवान्याचं नूतनीकरण अडलं. पाहुणे आणि अल्पवयीन यांच्या प्रवेशाचे नियम लेखी द्या, असं वरून पत्र आलं. समितीने ते काम माझ्यावर टाकलं. एका रविवारी दुपारी बसून मी ते लिहून काढले. पाहुण्याबरोबर सभासद हजर पाहिजे आणि त्याची सही पाहिजे. एकच पाहुणा महिन्यात चारदाच येईल. सभासदांच्या मुलांना संध्याकाळी सातपर्यंत बॅडमिंटनच्या हॉलमध्ये येता येईल. अठरा वर्षांखालच्या कुणालाही पत्त्यांच्या खोलीचा उंबरा ओलांडता येणार नाही. चांगले नियम होते. अध्यक्षांनी मसुदा वाचला. अध्यक्ष म्हणजे जमीनजुमला असलेलं घर, जिल्ह्याच्या राजकारणात वजन, बोलणं गोड. ते म्हणाले, "सगळं झकास हाय मॅडम. फक्त उद्या एखादं पोरगं आत सापडलं तर समितीच्या गळ्यात नको यायला. तेवढी एक ओळ टाका." मी टाकली. 'पाहुण्याच्या वयाची खातरजमा करण्याची संपूर्ण जबाबदारी प्रवेशद्वारावरील नोंद कर्मचाऱ्याची राहील.' लिहिताना मला त्यात काही गैर दिसलं नाही. उलट वाक्य नेमकं जमलं असं वाटलं. संपूर्ण हा शब्द मी नंतर घातला, पळवाट राहू नये म्हणून.

नियम वाचून दाखवून ज्ञानोबांची सही घ्यायची होती. ती ओळ आली तेव्हा त्यांनी मला थांबवलं. "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचली.

"म्हणजे माझी?"

"तुमचीच. तुम्ही करताच की खातरजमा."

"करतो. पण आत सोडणारा मी कुठं हाय, मॅडम? मी नुसता विचारणारा. सभासदाला मी कसा आडवू?"

"अहो, कागदावर असं लिहावंच लागतं," मी म्हटलं. मला तीनला दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी सही केली. सही करताना पेन क्षणभर कागदावर थांबलं होतं... हे मला आज आठवतं आहे की मी आज ते तिथे घालते आहे, सांगता येत नाही. पण त्यांचा प्रश्न मात्र मला शब्दशः आठवतो, कारण पुढे कोर्टात आमचा सगळा बचाव त्या एका प्रश्नाएवढाच होता.

तो नियम त्यांनी पहिल्यांदा माझ्यावरच चालवला. माझा मुलगा बारावीला होता. क्लबात कॅरमचा अंतिम सामना होता आणि गर्दीमुळे बोर्ड पत्त्यांच्या खोलीत हलवले होते. मी मुलाला घेऊन निघाले तर ज्ञानोबा टेबल सोडून आडवे आले. "छोटे साहेब, तुमी इथवरच." मी सांगितलं की त्याला अठरा पूर्ण व्हायला अकरा दिवस उरलेत आणि आत आज पत्ते नाहीत, कॅरम आहे. "मग अकरा दिसांनी या," ते म्हणाले. "खोली तीच हाय." मला राग आला. चार लोक बघत होते. "भाऊ, हे नियम मी लिहिलेत," मी म्हटलं. "म्हणून तर आडवलं," ते म्हणाले. "तुमच्या पोराला सोडलं तर उद्या बाकीच्याला कोणत्या तोंडानं आडवू?" मुलगा बाहेर पायऱ्यांवर बसला, ज्ञानोबांनी त्याला चहा मागवला आणि आतला स्कोअर दर दहा मिनिटांनी आणून सांगितला. तो आता पुण्यात नोकरी करतो. ज्ञानोबा गेल्याचं कळवलं तेव्हा म्हणाला, "आई, मला आयुष्यात कायद्याने अडवणारा तो एकच माणूस."

आता त्या दुपारबद्दल. त्याला सव्वातीन वर्षं झाली. रमीची स्पर्धा होती, पोर्च गाड्यांनी भरलेला. एक सभासद अध्यक्षांच्या भाच्याला घेऊन आले. उंच, मिशी फुटलेला, अंगाने भरलेला मुलगा. सभासदाने वय सांगितलं बावीस. ज्ञानोबांनी पेन्सिलीने बावीस लिहिलं आणि कागद मागितला. "गाडीत हाय, देतो आणून," असं म्हणून सभासद त्या मुलाच्या खांद्यावर हात टाकून आत गेले. ज्ञानोबा उठले, मागोमाग गेले, पण खोलीत न शिरता आधी सचिवांच्या टेबलापाशी गेले. नियमाप्रमाणे तेच बरोबर होतं. सचिव म्हणाले, "ग्यानबा, अध्यक्षांचा भाचा हाय बे तो. बस जागेवर." ज्ञानोबा परत येऊन बसले. तासाभराने तपासणीचं पथक आलं. मुलगा सतरा वर्षांचा निघाला. हातात तेरा पानं होती.

त्यानंतर सगळं फार झटपट झालं. क्लबाने तपास अधिकाऱ्याला एक पत्र दिलं, त्यात माझी ओळ जशीच्या तशी उतरवली होती आणि खाली ज्ञानोबांच्या सहीची प्रत जोडली होती. पत्र मी लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. परवाना वाचला. समिती वाचली. ज्या सभासदाने मुलाला आत नेलं ते साक्षीदार झाले. त्यांचा जबाब माझ्याकडे आहे : 'वयाच्या बाबतीत मी नोंद कर्मचाऱ्यावर विसंबून होतो.' आरोपी एकच, ज्ञानोबा. दुसऱ्या दिवशी त्यांना कामावरून काढलं, तेही त्याच ओळीच्या आधारे. मी सल्लागारपदाचा राजीनामा दिला, पण लगेच नाही. काही महिने विचार करत होते. माणसं विचार करत होतो असं म्हणतात तेव्हा ती वाट बघत असतात की प्रकरण आपोआप निवळेल. निवळलं नाही. शेवटी ज्ञानोबाच एक दिवस माझ्या ऑफिसात आले, हातात समन्स. "कुणाकडं जाऊ?" एवढंच विचारलं. मी वकीलपत्रावर सही केली.

आणि मग मी त्यांना जो सल्ला दिला तो कोणत्याही व्यवहारी वकिलाने दिला असता. गुन्हा कबूल करा, दंड होईल, तो मी भरते, दोन तारखांत मोकळे व्हाल.

"काय कबूल करू?"

"नोंद चुकली म्हणून."

"नोंद न्हाई चुकली. कच्ची लिवली, कारण बघितलं नव्हतं. मी उठलो होतो मॅडम, सचिव बस म्हणले आन् मी बसलो. तेवढी चूक माझी. बसल्याचं कलम असंल तर लावा, कबूल करतो. खोटं लिवल्याचं न्हाई करणार."

बसल्याचं कलम नाही. असतं तर त्या क्लबातले अर्धे लोक, आणि मी, आरोपीच्या पिंजऱ्यात मावलो नसतो.

आमच्या खटल्यात वाद एवढाच होता, तो वाचकांना नीट सांगते. मूळ रजिस्टर पोलिसांनी जप्त करून मुद्देमालात ठेवलं होतं. कोर्टात आणि माझ्या फाइलमध्ये होती ती त्या पानाची झेरॉक्स. झेरॉक्समध्ये पेन्सिल आणि शाई सारखीच दिसते. पंचनाम्यात लिहिलं होतं, 'वय २२ अशी आरोपीच्या हस्ताक्षरात नोंद.' कशाने लिहिलेली नोंद, ते कुणी लिहिलं नव्हतं. मूळ पान उघडलं असतं तर आंधळ्यालाही दिसलं असतं की पानभर शाई आहे आणि त्या एकाच ओळीत करडा आकडा आहे. मागची पानं चाळली असती तर एकोणीस वर्षांची रीत दिसली असती. ज्ञानोबांना दुसरं काहीच नको होतं. "ते रजिस्टर साहेबांपुढं उघडा," दर तारखेला म्हणायचे, "मग काय करायचं ते करा."

मी रजिस्टर हजर करण्याचा अर्ज दिला, आदेश झाला. मग सुरू झाल्या तारखा. मुद्देमाल कारकून रजेवर. हवालदार बंदोबस्ताला. खोली बदलली, शोध चालू आहे. ज्ञानोबा दर तारखेला पहाटेच्या एसटीने यायचे. क्लबाची नोकरी गेल्यावर ते भावाच्या मेंढरांमागे परत गेले होते, साठीला आलेला माणूस. पण कोर्टात यायचे ते स्वच्छ, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात, दाढी करून. बाहेरच्या बाकावर बसायचे. नव्या माणसाला आरोपी कोण हे ओळखायला सांगितलं असतं तर त्याने मला दाखवलं असतं.

एकदा त्यांनी मला विचारलं, "पेन्सिल हाय, मॅडम. पोत्यात घासून पुसली गेली तर?"

"तर बरंच," मी म्हटलं. "नोंदच नाही म्हणजे पुरावाच नाही."

ते चिडले. मी त्यांना चिडलेलं दोनदाच पाहिलं, त्यातलं हे एक. "बरं कसं? मग मी लिवलंच न्हाई असं होईल. मी लिवलंय. कच्चं लिवलंय. जेवढं हाय तेवढंच पायजे मला."

दुसऱ्यांदा चिडले ते मागच्या वर्षी. त्या दिवशी रजिस्टर खरोखर आलं. एक तरुण शिपाई गोणपाटात शिवलेलं, लाखेचं सील असलेलं गाठोडं काखेत मारून जिना चढला. त्याच्या चिठ्ठीवर आमच्या खटल्याचा नंबर होता. ज्ञानोबा बाकावरून उठले. "तेच हाय," म्हणाले, "वजनावरनं कळतंय, पोरगं कसं वाकलंय बघा." आणि त्याच दिवशी न्यायाधीश रजेवर होते. प्रभारी कोर्टात तारीख देण्यापलीकडे काही होत नाही. मी धावपळ केली, अर्ज लिहिला, गाठोडं इथेच ठेवून घ्या म्हणून विनवलं. ताब्यात घ्यायला जागा नाही, कारकून नाही. शिपायाने गाठोडं परत उचललं. ज्ञानोबांनी त्याला विचारलं, "हात लावू का जरा?"

"लांब हो बे," तो म्हणाला. "मुद्देमाल हाय."

"मुद्देमाल न्हाई, माझं हाय ते!" ज्ञानोबा एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या कोर्टातला पट्टेवाला बाहेर आला. "एकोणीस वर्सं माझ्या हातात होतं. तू नव्हता तवा." मी त्यांना दंडाला धरून खाली आणलं. पायरीवर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "त्याला कावून बोललो मी... पोरगं हाय, सांगितलं ते करतंय." सील न तुटता ते गाठोडं परत गेलं. त्यानंतर कुठल्याही तारखेला ते पुन्हा आलं नाही.

दुसरा एक मार्ग होता. कच्च्या-पक्क्या नोंदीची रीत क्लबात सगळ्यांना माहीत होती. एकाही सभासदाने पिंजऱ्यात उभं राहून तेवढं सांगितलं असतं तरी पुष्कळ होतं. मी तिघांकडे गेले. एकाचं काम अध्यक्षांकडे अडकलं होतं. दुसऱ्याने चहा पाजला आणि विषय बदलला. तिसरे ते दातांची थट्टा करणारे ठेकेदार. ते म्हणाले, "मॅडम, ग्यानबा देवमाणूस, पण मला आठवत न्हाई बघा तो कशानं लिवायचा." त्यांच्या स्वतःच्या पाहुण्यांची वयं शंभरदा तरी त्यांच्या डोळ्यांदेखत गिरवली गेली असतील.

मग उरले मी. मला ती रीत माहीत होती, माझं स्वतःचं वय तसंच लिहिलं गेलं होतं. पण खटल्याचा वकील त्याच खटल्यात साक्षीदार होऊ शकत नाही. वकीलपत्र सोडून साक्षीला उभी राहिले असते तर उलटतपासणीत पहिला प्रश्न आला असता, जबाबदारीची ती ओळ कुणी लिहिली? भर कोर्टात, सगळ्या वकिलांसमोर मला उत्तर द्यावं लागलं असतं. मी स्वतःला समजावलं की रजिस्टर येईलच, ते आलं की साक्षीची गरज नाही. ज्ञानोबांना हा मार्ग आहे हे मी कधी सांगितलंच नाही. त्यांनी विचारलं नाही, कारण त्यांना वकिलीतलं काही कळत नव्हतं. ते विचारणारे होते, पण माझ्यावर त्यांचा विश्वास बसला होता. बाकी कुणाचंही वय ते कागद पाहिल्याशिवाय पक्कं करत नसत... माझा कागद त्यांनी पुन्हा मागितला नाही.

मृत्यूचा दाखला घेऊन मी पुरसिस दिली, म्हणजे कोर्टाला लेखी कळवलं : आरोपी मयत. न्यायाधीश नवे होते, समजूतदार बाई. त्यांनी आदेश लिहिला की आरोपी मयत झाल्याने त्याच्याविरुद्धची कार्यवाही समाप्त करण्यात येत आहे, मुद्देमाल मूळ मालकास, म्हणजे क्लबास, परत करावा. मी उभीच राहिले. म्हटलं, मुद्देमाल परत देण्याआधी एकदा कोर्टापुढे उघडावा, एकच पान पाहावं. त्यांनी मान वर केली. "मॅडम, आता कशासाठी?" कायद्यात त्याला उत्तर नाही. मेलेल्या माणसाला शिक्षा होत नाही तशी त्याची सुटकाही होत नाही. मी खाली बसले आणि पुढच्या खटल्याचा पुकारा झाला.

बाहेर त्याच बाकावर ज्ञानोबांच्या पत्नी गयाबाई बसल्या होत्या, पुतण्याबरोबर आलेल्या. त्यांनी विचारलं, "सुटले का हो?"

"खटला बंद झाला," मी म्हटलं.

"बंद न्हाई इचारलं. सुटले का?"

"नाही."

"आन् दोषी?"

"तेही नाही."

"मग लोकाला काय सांगू? वस्तीवर म्हणतेत, ग्यानबानं खोटं लिवलं, पोरं जुगाराला बसवली. तसा कागद मिळत न्हाई का, निर्दोष लिवलेला? फोटोशेजारी लावला असता."

मी म्हटलं, बघते. बघण्यासारखं काही नव्हतं. मी क्लबाला पत्र लिहिलं की रजिस्टर परत आल्यावर ते पान समितीने पाहावं आणि एक ओळ लिहून द्यावी. उत्तर आलं की प्रकरण न्यायालयात संपुष्टात आलेलं असल्याने समिती काही भाष्य करू इच्छित नाही. क्लबाच्या पोर्चमध्ये आता कॅमेरा बसवला आहे आणि टेबलाशी नवा माणूस. तो वयाच्या रकान्यात सरसकट पेनाने लिहितो, विचारून, न बघता. रकाने भरलेले असतात. नियमावलीही तीच आहे, खाली मसुदा करणारी म्हणून माझं नावही. ती ओळ काढा, असा अर्ज मी सभासद म्हणून दिला होता. तो पुढच्या वार्षिक सभेत घेऊ असं कळवलं आहे. मागच्याच आठवड्यात एका मंगल कार्यालयाचे मालक माझ्याकडे आले होते, त्यांना आगीच्या सुरक्षेबद्दल तशीच एक ओळ हवी होती, सगळं वॉचमनवर टाकणारी. मी नाही म्हटलं. त्यांनी ती समोरच्या इमारतीतल्या वकिलाकडून दहा मिनिटांत लिहून घेतली आणि जाताना मला हात करून गेले.

परवा मी वर्तमानपत्रासाठीचा हा लेख इथवर लिहून धारूरजवळ त्यांच्या वस्तीवर गेले. छापण्याआधी गयाबाईंना वाचून दाखवावा असं वाटलं. मेंढरं वाड्यात येत होती, पुतण्या दावणीशी होता. गयाबाई खाली बसून सगळं ऐकत होत्या. माझ्या त्या ओळीचा भाग आला तेव्हा मी वाचायची थांबले नाही. संपल्यावर त्या म्हणाल्या, "हे खरं हाय समदं. तुमी लिवलं ते बी बरं केलं." मग त्यांनी कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"ह्याच्यावर शिक्का कुठाय?"

"वर्तमानपत्राला शिक्का नसतो."

"मग कोण मानल?" त्यांनी कागद परत माझ्या हातात दिला. रागाने नाही. "ठिवा तुमच्याकडंच. छापा, न्हाई तर नका छापू."

मी चहा घेतला आणि उठले. भिंतीवर ज्ञानोबांचा फोटो होता, क्लबाच्या ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला. त्याच्या उजव्या हाताला गयाबाईंनी निकालाच्या कागदासाठी आधीच एक खिळा ठोकून ठेवला होता. त्या खिळ्यावर पांढरा सदरा टांगलेला होता, धुतलेला, इस्त्री केलेला. पुतण्याला द्यायचा म्हटलं तर तो नको म्हणाला, असं त्यांनी सांगितलं. तो सदरा ज्ञानोबा फक्त तारखेला घालायचे.